गुलमोहर का पडतो, याचे उत्तर लावणीच्या खड्ड्यात शोधावे

प्रति,
मा. संपादक,

विषय : झपाट्याने वाढणाऱ्या शोभेच्या वृक्षांची लागवड आणि पहिल्या तीन वर्षांतील त्यांचे संगोपन

महोदय,

वळवाचे वारे सुटले की रस्त्यावर गुलमोहर आडवा झाल्याच्या, सोनमोहराची फांदी मोटारीवर कोसळल्याच्या बातम्या दरवर्षी येतात आणि त्यांच्यापाठोपाठ, ही झाडे मुळातच ठिसूळ असल्याने ती यापुढे लावूच नयेत, किंबहुना उभी असलेलीही काढून टाकावीत, अशी मागणी होऊ लागते. ज्या साताऱ्यात १ मे हा दिवस गुलमोहर दिन म्हणून साजरा होतो आणि कवी, चित्रकार या झाडाच्या सावलीत जमतात, त्याच साताऱ्यात महिनाभराच्या आत त्याच झाडावर करवत चालवण्याची भाषा ऐकू यावी, याचे मला मनापासून वाईट वाटते. मी २७ वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले आणि निवृत्तीनंतरची १२ वर्षे आमच्या वसाहतीतील व शाळेच्या आवारातील झाडे लावण्यात आणि सांभाळण्यात घालवली. त्या अनुभवावरून मला असे ठामपणे वाटते की, पडणाऱ्या या झाडांपैकी पुष्कळांचे पडणे ती लावली त्या दिवशी आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतच ठरून गेलेले असते. लागवडीचा हंगाम तोंडावर आला असल्याने हे म्हणणे आपल्या दैनिकामार्फत वाचकांपुढे आणि नगरपालिकांपुढे मांडावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

चार वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका संध्याकाळी आमच्या वसाहतीच्या कोपऱ्यावरचा, साधारण १४ वर्षांचा गुलमोहर मुळासकट उपटून पडला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मजूर फांद्या तोडत असताना मी त्या झाडाच्या बुडाशी बराच वेळ उभी होते, कारण समोर जे दिसत होते त्यावर विश्वास बसत नव्हता. दुमजली घराएवढ्या उंच झाडाच्या बुंध्याखाली मुळांचा जेमतेम घागरीएवढा गोळा होता. त्या गोळ्यातली मुळे सुंभाच्या वेटोळ्यासारखी एकमेकांभोवती फिरलेली होती, मनगटाएवढे जाड झालेले एक मूळ बुंध्याच्याच गळ्याभोवती आवळले गेले होते आणि त्या वेटोळ्यांच्या बेचक्यात रोपवाटिकेच्या काळ्या पिशवीचा एक तुकडा अजून जसाच्या तसा होता. गोळ्यातून निसटलेली चार-दोन मुळे एका बाजूच्या बागेकडे गेली होती आणि त्यांच्याच बळावर ते झाड इतकी वर्षे उभे राहिले होते. दुसऱ्या बाजूने, म्हणजे रस्त्याच्या अंगाला, त्याला धरून ठेवणारे काहीही नव्हते. ज्या दिवशी ते रोप पिशवीचे फक्त बूड फाडून घाईघाईने खड्ड्यात उभे केले गेले, त्या दिवशीचीच चूक १४ वर्षांनी वर आली होती.

झपाट्याने वाढणाऱ्या झाडांच्या बाबतीत ही चूक इतकी महागात का पडते, हे समजून घेण्यासारखे आहे. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, नीलमोहर आणि पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेकडचे, सोनमोहर श्रीलंकेपासून आग्नेय आशियापर्यंतचा. या सर्वांना आपल्याकडे लोकप्रिय केले ते त्यांच्या वाढीच्या वेगाने. चांगली जमीन आणि पाणी मिळाले तर गुलमोहराचे रोप वर्षाला तीन-चार फूट सहज वाढते. पण जो वेग वर दिसतो, तोच जमिनीखालीही असतो. बी रुजल्यानंतर काही आठवड्यांतच सोटमूळ पिशवीच्या तळाला टेकते, पुढे जायला वाट नसल्याने वळते आणि पिशवीच्या कडेने फिरू लागते. मूळ कोवळे असताना ही वेटोळी बोटांनी सोडवता येतात. एकदा ती लाकडासारखी कडक झाली की जमिनीत गेल्यावरही तशीच राहतात आणि जाड होत होत एकमेकांचाच गळा घोटतात. सावकाश वाढणाऱ्या झाडाला सहा महिने जास्त पिशवीत ठेवले तर फारसे बिघडत नाही. गुलमोहर किंवा सोनमोहर मात्र एक पावसाळा जास्त पिशवीत राहिला, तर त्याचे आयुष्यभराचे नुकसान होऊ शकते.

या ठिकाणी एका कायदेशीर तरतुदीचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ सालचा आहे आणि २०२१ साली त्यात ज्या सुधारणा झाल्या, त्यांमध्ये तोडलेल्या झाडाच्या बदल्यात लावायची रोपे लावतेवेळी किमान ६ ते ८ फूट उंचीची असावीत आणि त्यांची ७ वर्षे निगा राखली जावी, अशी अपेक्षा ठेवलेली आहे. या तरतुदीमागचा हेतू चांगला आहे, कारण शेळ्या-गुरांच्या तोंडाच्या वर गेलेले रोप जगण्याची शक्यता अधिक असते. परंतु उंचीची अट घालताना मुळांना किती जागा मिळालेली आहे, याकडे प्रत्यक्ष खरेदीत कोणी पाहताना दिसत नाही आणि त्यामुळे दीड-दोन वर्षे लहानशा पिशवीत कोंडून ठेवलेले, बांबूला खालपासून वरपर्यंत बांधलेले, उंच आणि काठीसारखे बारीक रोप या अटीत बरोबर बसते. माझ्या अनुभवात अशा आठ फुटी रोपापेक्षा, मोठ्या पिशवीत वाढलेले आणि एक वर्षाच्या आतले तीन फुटी गुलमोहराचे रोप जमिनीत लवकर रुळते आणि तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत त्या उंच रोपाला मागे टाकते. उंच रोपच हवे असेल तर ते दोन वेळा पिशवी बदलून, निदान दीड फूट रुंद आणि तितक्याच खोल पिशवीत वाढवलेले असावे, अशी अट खरेदीच्या कागदावर स्पष्ट लिहिली पाहिजे. आलेल्या गाडीतील दोन-चार रोपे पिशवीतून काढून त्यांची मुळे तपासल्याशिवाय माल उतरवून घेऊ नये. यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही. धारदार चाकू आणि दहा मिनिटांचा वेळ पुरतो.

खड्ड्याविषयी बोलायचे तर आपल्याकडे दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल हे माप सर्वांना पाठ असते, पण जमीन कोणती आहे हे पाहून ते बदलावे लागते. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उताराला लागून असलेल्या भागात वीतभर मातीखाली कठीण मुरूम लागतो. अशा ठिकाणी यंत्राने पाडलेल्या गोल खड्ड्याच्या कडा इतक्या गुळगुळीत आणि घट्ट होतात की तो खड्डा जमिनीत पुरलेल्या कुंडीसारखा वागतो. पावसाचे पाणी त्यात साचते आणि मुळे पुन्हा कडेकडेनेच फिरू लागतात. म्हणून मुरमाच्या जमिनीत खड्डा खोलीपेक्षा रुंदीला जास्त घ्यावा, तीन-साडेतीन फूट रुंद असला तर उत्तम, आणि त्याच्या बाजू पहारीने खरवडून, ठिकठिकाणी फोडून ठेवाव्यात. खालच्या अंगाला, माहुलीकडे नदीकाठच्या काळ्या जमिनीत अडचण वेगळी असते. तिथे पावसाळ्यात पाणी तुंबते आणि उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडून कोवळी मुळे तुटतात. त्या जमिनीत रोप वीतभर उंच केलेल्या वरंब्यावर लावले आणि भोवती पालापाचोळ्याचे जाड आच्छादन ठेवले, तर दोन्ही त्रास कमी होतात.

खड्डा भरताना सर्व माती बाहेरची आणि सर्व खत एकदम, अशी उदारता रोपाच्या हिताची नसते. खड्ड्यातून निघालेलीच माती तीन भाग आणि पूर्ण कुजलेले शेणखत एक भाग, सोबत दोन मुठी निंबोळी पेंड, एवढे पुरेसे होते. कच्च्या शेणखतातून हुमणी आणि वाळवी हमखास येते. खड्ड्यात सगळेच गोडधोड भरून ठेवले की मुळांना बाहेरच्या मुरमात शिरण्याचे कारणच उरत नाही. पहिल्या वर्षी युरिया अजिबात देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. ही झाडे मुळातच वेगाने वाढणारी असल्याने नत्राच्या जोरावर ती आणखी उंच होतात खरी, पण खोड पातळ आणि लाकूड पोचट राहते. आमच्याच वसाहतीत एका गृहस्थांनी हौसेने दिलेल्या युरियामुळे एका वर्षात दहा फुटांवर गेलेला सोनमोहर पुढच्या जुलैमध्ये कमरेतून वाकला आणि पुन्हा सरळ झाला नाही.

रोप लावण्याआधी पिशवी उभी चिरून पूर्ण काढावी, मातीचा गोळा पाण्याच्या बादलीत थोडा वेळ ठेवून कडेची मुळे बोटांनी मोकळी करावीत आणि जी वेटोळी सुटत नाहीत ती निःसंकोच कापून टाकावीत. अनेकांना मूळ कापायची भीती वाटते. पावसाळ्याच्या सुरुवातीला, वर पाने मर्यादित असताना कापलेल्या मुळातून दोन आठवड्यांत नवी मुळे फुटतात. न कापलेले वेटोळे मात्र कधीच सरळ होत नाही. रोप पिशवीत ज्या पातळीपर्यंत मातीत होते त्याच पातळीवर लावावे. आधार मिळावा म्हणून खोड वीत-दोन वीत मातीत दडपण्याची पद्धत सर्रास दिसते. तिच्यामुळे बुंध्याची साल कुजते आणि तिथूनच पुढे बुरशी शिरते.

काठीच्या आधाराबद्दलही असाच एक गैरसमज आहे. वाऱ्यात थोडे हलत राहिल्यानेच कोवळे खोड बुडाशी जाड होते आणि मुळे पसरतात. जे रोप बांबूला तीन ठिकाणी करकचून बांधलेले असते, त्याला स्वतः उभे राहण्याची सवयच लागत नाही आणि बांबू काढला की ते मान टाकते. म्हणून बांबू खोडापासून वीतभर लांब, वाऱ्याच्या बाजूला रोवावा आणि सुतळी किंवा कापडाची पट्टी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल फिरवून रोपाच्या खालच्या एक-तृतीयांश भागातच एक गाठ द्यावी. तार कधीही वापरू नये. दुसऱ्या पावसाळ्यापूर्वी बांबू काढून टाकता आला पाहिजे. लोखंडी जाळीचेही तेच. जनावरांपासून संरक्षणासाठी ती पहिली दोन वर्षे हवीच, पण ती काढण्याची जबाबदारी कोणाचीच नसल्यामुळे तिच्या सळया खोडात रुतून बसलेल्या किती झाडांवर देणगीदाराच्या नावाची पाटी आजही दिसते. हे दृश्य पाहून मला फार त्रास होतो.

आता पाण्याविषयी, कारण माझ्या मते सर्वांत जास्त रोपे आणि सर्वांत जास्त झाडे इथेच बिघडतात. रोज सकाळी तांब्याभर पाणी घालणारे आजोबा आणि आठवड्यातून एकदा टँकरच्या जाड नळीने खोडावरच धार सोडणारा कर्मचारी, या दोघांच्याही मनात झाडाविषयी माया किंवा कर्तव्यबुद्धी असते. परंतु दोन्ही प्रकारांत पाणी वरच्या चार बोटे मातीतच राहते किंवा आळ्याची माती वाहून नेते. गुलमोहराच्या मुळांचा कल आधीच वरच्या थरात पसरण्याकडे असतो. वरचेवर थोडे पाणी मिळाले की ती खाली जाण्याचे सोडून देतात आणि पुढे फरश्या उचलतात, कुंपणाच्या भिंती फोडतात. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा १५ ते २० लिटर, दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा ३० ते ४० लिटर आणि तिसऱ्या उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी एकदा भरपूर, असे अंतर वाढवत नेलेले पाणी मुळांना खाली ओढते. जमीन हलकी की भारी यावरून यात थोडे कमी-अधिक करावे लागते. आळे खोडाला चिकटून नसावे. खोडाभोवती थोडी उंच, कोरडी जागा सोडून बाहेर वर्तुळ करावे आणि झाडाचा विस्तार वाढेल तसे ते वर्तुळ दरवर्षी हातभर बाहेर सरकवावे. आमच्या शाळेच्या मैदानावर नळाची सोय नव्हती, तेव्हा मुलांनी प्रत्येक रोपाजवळ बुडाला बारीक भोक पाडून त्यात चिंधी अडकवलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरले आणि उन्हाळाभर पाळीपाळीने ती मडकी भरली. एका मडक्यातले पाणी दोन-तीन दिवस झिरपत राही. त्या वर्षी लावलेल्या १८ रोपांपैकी १६ जगली आणि ती मुले आज मोठी होऊन गेल्यावरही आपापल्या झाडाची चौकशी करतात.

छाटणीचा मुद्दा मी जरा विस्ताराने मांडते, कारण त्यात माझी स्वतःची चूक आहे. आमच्या दारातला गुलमोहर तिसऱ्या वर्षी छातीएवढ्या उंचीवर दोन सारख्या जाडीच्या फांद्यांत विभागला गेला. दोन्ही फांद्या अगदी अरुंद कोनात, एकमेकींना जवळजवळ चिकटून वर गेल्या होत्या. एक फांदी तेव्हाच काढायला हवी, हे मला पुस्तकी ज्ञानाने माहीत होते, पण इतक्या टवटवीत फांदीला कोयता लावायला मन धजावले नाही. अकराव्या वर्षी, पाऊस आणि वारा दोन्ही एकदम असलेल्या एका रात्री, ते झाड बेचक्यात उभे चिरले गेले. आतून पाहिले तर दोन फांद्यांच्या मध्ये लाकूड जुळलेलेच नव्हते. दोघींची साल आत दुमडून मधोमध एक काळपट पडदा तयार झाला होता आणि त्यात पाणी साचून कूज सुरू झाली होती. गुलमोहर, सोनमोहर आणि पर्जन्यवृक्ष या तिघांचीही प्रवृत्ती लवकर आणि खालीच दोन फांद्यांत विभागण्याची असते. तेव्हा दुसऱ्या ते पाचव्या वर्षापर्यंत दरवर्षी एकदा झाडासमोर उभे राहून मुख्य शेंडा कोणता हे ठरवावे, त्याच्याशी बरोबरी करणारी फांदी काढावी किंवा निम्म्यावर आणावी आणि रस्त्याकडेच्या झाडाचे खोड हळूहळू आठ-दहा फुटांपर्यंत मोकळे करावे. एका वर्षी पाव भागापेक्षा जास्त पाने काढू नयेत. खालच्या लहान फांद्यांमुळे खोड जाड होत असते, म्हणून त्या पहिल्याच वर्षी खरडून टाकू नयेत. फांदी कापताना ती खोडाला जिथे मिळते तिथला फुगीर वळा शाबूत राहिला पाहिजे. खोडाला लागून सपाट कापले तर जखम मोठी होते आणि खुंट ठेवला तर तो कुजत आत जातो. बोटाएवढी फांदी योग्य जागी कापली की तिचा व्रण वर्ष-दीड वर्षात भरून येतो. तीच फांदी दहा वर्षांनी कापायला गेले तर ती मांडीएवढी झालेली असते आणि ती जखम बहुधा कधीच भरत नाही. आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत गुलमोहराची पाने गळून सांगाडा स्पष्ट दिसतो. हे काम करायला ते दिवस सोयीचे आहेत. सार्वजनिक रस्त्यावरील झाडाची छाटणी वृक्ष अधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय कोणी करू नये हे खरेच आहे, परंतु लहान झाडांना वेळेवर वळण लावण्यासाठी त्या विभागाने स्वतःहून वर्षातून एक फेरी मारावी, अशी माझी विनंती आहे. आज छाटणी होते ती फक्त विजेच्या तारांसाठी, तीही एकाच बाजूची, आणि तिच्यामुळे झाडाचा सगळा भार दुसऱ्या बाजूला कलंडतो.

बुंध्यापर्यंत आलेले काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक यांच्याबद्दल आपल्या दैनिकात यापूर्वी पुष्कळ लिहून आले आहे, म्हणून त्याची पुनरुक्ती करत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतील झाडांच्या संदर्भात बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला होता. झपाट्याने वाढणाऱ्या झाडांसाठी तेवढी जागा पहिल्या दिवसापासून राखून ठेवली तर पुढे फरशी फोडण्याचा खर्चही वाचेल. गटारासाठी किंवा केबलसाठी चर खणताना झाडाच्या एका बाजूची सगळी मुळे तोडली गेली की ते झाड वरून हिरवे दिसत असले तरी आधार गमावून बसते, ही गोष्ट मात्र रस्ते खोदणाऱ्या प्रत्येक विभागाच्या ध्यानात आणून दिली पाहिजे.

परदेशी झाडे लावावीत की नाहीत, हा प्रश्न या विषयात येतोच आणि त्यावर माझे मत मी स्पष्ट सांगते. नवी लागवड करताना आपल्या मातीतल्या झाडांना पहिला मान मिळाला पाहिजे. अरुंद गल्लीत बहावा, कांचन आणि आपले राज्यपुष्प असलेला ताम्हण शोभून दिसतात आणि आवाक्यात राहतात; मोकळ्या मैदानावर काटेसावर, पांगारा, कदंब ही झाडे वाढीच्या वेगात गुलमोहराला हार जाणारी नाहीत आणि सावर-पांगाऱ्याच्या फुलांवर फाल्गुनात मैना, बुलबुल आणि कोतवालांची जी गर्दी उसळते, ती गुलमोहरावर दिसत नाही. तथापि, स्थानिक झाड लावले म्हणजे ते पडणार नाही, ही समजूत मला घातक वाटते. वेटोळी मुळे घेऊन लावलेला कदंबही पडेल आणि न वळवलेली सावरही फाटेल. आणि जो गुलमोहर ५० वर्षे उभा आहे, वैशाखाच्या उन्हात शेकडो माणसांना सावली आणि डोळ्यांना सुख देत आहे, त्याला तो परदेशी आहे एवढ्या कारणावरून तोडणे मला मुळीच पटत नाही. त्याच्या बुंध्याशी भूछत्रासारखी कडक, तपकिरी बुरशी उगवली आहे का, खोडात ढोली आहे का, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे आणि मग निर्णय करावा.

या संदर्भात मला एक झाड दाखवावेसे वाटते. शाळेच्या मागच्या कुंपणाशी एक गुलमोहर आहे, तो कोणीही लावलेला नाही. शेंगेतून पडलेले बी कधीतरी तिथेच रुजले, कुंपणामुळे जनावरांपासून वाचले आणि कोणी पाणी घातले नाही म्हणून त्याचे सोटमूळ स्वतःच खाली गेले असावे. पहिली तीन वर्षे तो शेजारच्या लावलेल्या झाडांपेक्षा बुटका होता. त्यानंतर गेल्या १५ वर्षांत वळवाच्या अनेक वादळांत आजूबाजूची तीन झाडे गेली, हा मात्र हललेला नाही. त्याच्याकडे पाहून आम्ही शाळेत एक प्रयोग सुरू केला. गुलमोहराच्या शेंगा हिवाळ्यात वाळून काळ्या पडतात. त्यांतील बिया टणक असतात. त्यांवर कढत पाणी ओतून त्या त्याच पाण्यात रात्रभर ठेवल्या किंवा बीची एक कड खरखरीत दगडावर घासली की त्या आठ-दहा दिवसांत रुजतात. जूनमध्ये चांगला पाऊस झाल्यावर अशा तीन-तीन बिया थेट ठरलेल्या जागीच टोकल्या, वर काटेरी फांद्यांचे कुंपण केले आणि ऑगस्टमध्ये सर्वांत जोमदार रोप ठेवून बाकीची काढली. यात पिशवीचा, वाहतुकीचा आणि वेटोळ्यांचा प्रश्नच येत नाही. सगळीकडे हे जमणार नाही. रहदारीच्या रस्त्यावर तर नाहीच. पण शाळांची मैदाने, गायरानाच्या कडा, तलावांचे बांध अशा ठिकाणी ही पद्धत वापरून पाहण्यास काहीच हरकत नाही.

राहिला प्रश्न हिशेबाचा. वनमहोत्सवाची सुरुवात १९५० साली तत्कालीन केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी केली, तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा आपण झाडांसाठी राखून ठेवत आलो आहोत. आपल्या राज्यात २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी रोपांची उद्दिष्टे ठेवली गेली. लोकांमध्ये उत्साह निर्माण व्हायला अशा आकड्यांचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. माझे अनेक विद्यार्थी त्या दिवसांत प्रथमच हातात कुदळ घेऊन बाहेर पडले. परंतु गाव-शहरांच्या पातळीवर लागवडीचे काम ठेक्याने दिले जाते, तेव्हा पैसे मोजले जातात ते खड्ड्यांचे आणि रोपांचे. त्याऐवजी देयकाचा निम्मा तरी भाग तिसऱ्या पावसाळ्यानंतर, जिवंत आणि सरळ उभ्या असलेल्या झाडांच्या संख्येवर द्यावा. बांबू सोडवणे, जाळी काढणे, आळे रुंदावणे आणि तीन वेळा वळणाची छाटणी करणे ही कामे त्या ठेक्यात नावानिशी लिहावीत. आणि पुढच्या वर्षीची रोपे यंदाच मोठ्या पिशव्यांत वाढवण्याचे काम स्थानिक रोपवाटिकांना आगाऊ द्यावे. एवढ्या पैशात कदाचित निम्मीच झाडे लावता येतील. माझी त्याला पूर्ण तयारी आहे आणि माझ्यासारख्या पुष्कळ नागरिकांची असेल, असे मला वाटते.

आपल्या दैनिकाला एक विनंती करून हे पत्र पुरे करते. जुलै महिन्यात वृक्षारोपणाची छायाचित्रे आपल्याकडे मोठ्या संख्येने येतील. त्यांपैकी जी आपण छापाल, त्यांच्या शेजारी त्याच संस्थेने किंवा त्याच कार्यालयाने मागच्या वर्षी जिथे रोपे लावली होती, त्या जागेचे आजचे छायाचित्रही मागवून छापावे. साताऱ्यापुरते हे काम करण्यासाठी वेळ द्यायला मी आणि आमच्या शाळेचे काही माजी विद्यार्थी तयार आहोत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा